हातातली उडणारी गाठ फोडू नका

संपादक साहेब, नमस्कार. आमचे मामा अक्कलकोट रोडला लूम फिटर (यंत्रमाग जोडणारे-दुरुस्त करणारे), पार्ट बसला नाही की हातोडी न घेता तळहातानंच ठोकायची वर्षानुवर्षांची सवय, मागे करंगळीच्या बाजूला तळहातात वाटाण्याएवढी गाठ आली, करंगळी आणि शेजारचं बोट थंड, नखं निळसर. एका ठिकाणी तर सरळ चिरा देऊन पू काढू म्हणाले! नशीब दुसऱ्या डॉक्टरांनी आधी गाठीवर बोट ठेवून बघितलं, ती नाडीसारखी उडत होती, म्हणजे ठोकून ठोकून झालेला धमनीचाच फुगा, ॲन्युरिझम. तिथं चिरा दिला असता तर केवढं रक्त गेलं असतं.

हे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या कलर डॉपलर सोनोग्राफीत बहुतेक वेळा कळतं हो, ऑपरेशनआधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करून पुढं बोटापर्यंत रक्त कुठं अडलंय ते बघतात. फुग्यात गुठळ्या होतात आणि सुटून बोटात अडकतात, खरी भीती त्याचीच, बोट काळं पडू शकतं. मामांचा फुगा काढून तिथं पायातल्या शिरेचा तुकडा जोडला.

डायलिसिसच्या पेशंटनीपण फिस्टुलाचा (डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडतात त्या जागेचा) फुगवटा वाढला, वरची कातडी पातळ, चकचकीत झाली तर लगेच दाखवावं, आणि रक्त आलं तर जोरात दाबून धरून तसंच दवाखाना गाठावा.

कारखान्यातल्या शिबिरात नुसतं शुगर-बीपी बघतात, कामगारांचे हातपण बघा की. आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनची ओपीडी सोलापुरात कुठं, कुठल्या वारी असते ते आपल्या पेपरात प्लीज छापा.

एक वाचक, अशोक चौक, सोलापूर