ठाणेदारांचा मतदारसंघ आणि डेट्रॉइटची सल

अमेरिकी काँग्रेस सदस्य श्री ठाणेदार यांच्यावरील रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. बेळगावात वाढलेला माणूस वॉशिंग्टनला निवडून जातो, याचा आम्हा बेळगावकरांना अभिमान आहेच. पण त्यांचा, म्हणजे अमेरिकेतील मिशिगन राज्याचा १३वा मतदारसंघ पूर्वापार असाच होता, असा लेखाचा सूर आहे. प्रत्यक्षात २०२०च्या जनगणनेनंतर काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहातील मिशिगनच्या जागा १४ वरून १३ झाल्या आणि नव्या सीमा विधिमंडळाने नव्हे, तर १३ सदस्यांच्या स्वतंत्र नागरिक आयोगाने आखल्या. १३व्याच्या तेव्हाच्या प्रतिनिधी रशिदा तलैब यांनी नवा १२वा मतदारसंघ निवडला, म्हणून १३व्यातील जागा मोकळी झाली. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या २०२२च्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवारांत मते फुटली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पुढे आले. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून, बहुतांश याच मतदारसंघात येणाऱ्या डेट्रॉइट शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे सलग होता. जॉन कॉनियर्स तर पन्नासहून अधिक वर्षे. जानेवारी २०२३ मध्ये ही परंपरा खंडित झाली, तीही बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या शहरात. आपल्या माणसाचे कौतुक करताना तिथल्या मतदारांची ही सलही लेखात यायला हवी होती.

– एक वाचक, बेळगाव