हिशेब पोहोचला

वसई,
३ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

मिशन रविवारी चर्चमध्ये मिशनकार्यासाठी गोळा झालेल्या पैशांचा तू मलावीहून पाठवलेला हिशेब पोहोचला. परवा फादरांनी तो मिस्सेच्या प्रार्थनेनंतर वाचून दाखवला आणि मग फाइलला लावण्यासाठी माझ्या हाती दिला. शाळेच्या दोन वर्गांचे पत्रे, मक्याची पोती, हातपंपाचे सुटे भाग, मुलींच्या वसतिगृहासाठी मच्छरदाण्या, ट्रकचे भाडे. प्रत्येक ओळीसमोर आधी तिकडच्या चलनातले क्वाचा, मग रुपये आणि शेवटी पावतीचा क्रमांक. एकोणीस वर्षे मी या धर्मग्रामाचा खजिनदार आहे, पण इतका स्वच्छ कागद माझ्याही हातून कधी झाला नसेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाळ्याची आत्या नेहमीप्रमाणे रडली, आणि मी घरी येऊन तो कागद पुन्हा तीन वेळा वाचला, कारण त्यात मला एक ओळ सापडत नव्हती.

तुझ्याबरोबरचे फादर नाताळच्या शुभेच्छा द्यायला आईशी फोनवर बोलले, तेव्हा ते सहज सांगून गेले की डिसेंबरात तू पाच दिवस तापाने पडून होतास, आणि सहाव्या दिवशी त्यांनी तुला जवळजवळ उचलून गाडीत घातले तेव्हा कुठे दवाखान्यात गेलास. दवाखान्यात पैसे पडत नाहीत हे तूच आम्हाला कळवले होतेस. मग पाच दिवस कशासाठी थांबलास, असे आईने विचारले, तर ते हसून म्हणाले, "डिझेल मिशनच्या खात्यातून जाईल म्हणून." आईला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. मलाही वाटले नाही.

हे पत्र रागावण्यासाठी लिहीत नाही. खरे तर मला तुला या वेळच्या मिशन रविवारच्या लिलावाची हकिकत कळवायची होती, ती ऑक्टोबरपासून राहूनच गेली आहे. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, मंडपात चिखल होता, आणि हाऊजीच्या खेळाला माणसे येतील की नाही अशी धाकधूक होती. पण सकाळच्या मिस्सेला चर्च भरले. अंड्यांच्या टोपल्या, नारळ, दुधी, एक रागीट कोंबडा आणि इंदेलचे डबे असे सगळे वेदीसमोर मांडले होते. गासच्या मामाने राजेळी केळ्यांचा एक लोंगर आणला होता, तो पंधराशेला गेला. घेणाऱ्याने तिथल्या तिथे परत देऊन "पुन्हा बोला" म्हटले. असा तो लोंगर तीनदा विकला गेला आणि चौथ्या बोलीत मामाने स्वतःच विकत घेऊन, मामीच्या शिव्या खात, घरी नेला. त्याची सुकेळी करून तुला पाठवायची असा त्याचा हट्ट आहे.

रात्री मोजणी आपल्याच घरी झाली. दादरला फुले घेऊन जाणारी आपल्या पाठीमागची आजी तुला आठवत असेल. तिने टोपलीतल्या ओल्या फडक्यात बांधलेली दहादहाच्या नोटांची पुरचुंडी पेटीत टाकली होती. नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांना मोगऱ्याचा वास येत होता. मी त्या एकेक सोडवून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पंख्याखाली वाळत घातल्या, कडेला चमचे ठेवले. याच टेबलावर तू गृहपाठ करायचास आणि मोजणीच्या रात्री तुला वही उचलायला लावून मी पैसे मांडायचो. त्या चिकटलेल्या नोटा डोळ्यांसमोर असलेला माणूस स्वतःच्या तापासाठी गाडीत डिझेल कसे घालणार, हे मला त्या फोननंतर उमगले. बाळा, तुला मी एक गोष्ट फार चांगली शिकवली आणि तिची दुसरी बाजू शिकवायचीच विसरलो.

तू तिसरीत असताना उपवासकाळात मुलांना पैसे साठवायला पत्र्याचे डबे दिले होते. त्यातले दोन रुपये काढून तू बर्फाचा गोळा खाल्लास, आणि मी तुला रविवारी फादरांसमोर उभे करून ते दोन रुपये परत द्यायला लावले. फादर बिचारे हसले, त्यांनी तुझ्या हातावर एक गोळी ठेवली. ती तू खाल्ली नाहीस. आठवडाभराने आईला ती तुझ्या चड्डीच्या खिशात सापडली, विरघळून कापडाला चिकटलेली. त्या वेळी मला तुझा अभिमान वाटला होता आणि मी तो चारचौघांत बोलूनही दाखवला होता. आता रात्री जाग आली की ती गोळीच आठवते.

तेव्हा ताप आला तर पहिल्याच दिवशी तपासणी करून घेत जा. तुमच्याकडे पाऊस अजून संपलेला नाही आणि हेच मलेरियाचे महिने. चोवीस गोळ्यांचा तो तीन दिवसांचा कोर्स मध्येच बरे वाटले म्हणून सोडू नकोस. उरलेल्या गोळ्या तू दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकशील हे मी तुला न विचारता सांगू शकतो. मच्छरदाण्या तू सगळ्या मुलींना वाटल्या आहेस, त्यातली एक तरी तुझ्या खाटेवर आहे का?

पैशाविषयी म्हणशील, तर पोलीन जारिको या फ्रेंच बाईंनी १८२२ साली लिऑनमध्ये मिशनकार्यासाठी संस्था काढली तेव्हा दहादहा माणसांचे गट करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक सू, म्हणजे तिथला एक पैसा, गोळा केला. देणाऱ्यांत रेशमाच्या कारखान्यांतल्या कामगार मुली होत्या. पुढे १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी मिशन रविवार सुरू केला आणि आपण आजही त्याच मार्गाने पेटी फिरवतो. त्या मुलींनी तो पैसा पत्रे आणि पोती जावीत म्हणूनच दिला आणि ती घेऊन जाणारा माणूस जगो वा मरो, असे कुणी म्हटले होते का? पेटीतला पैसा मिशनचा आहे हे मीच तुला सांगितले. पण तूही मिशनच आहेस, आणि तुझे डिझेल हाही मिशनचाच खर्च आहे.

बघ, पुन्हा वर्ग घेऊ लागलो. इतिहासाच्या मास्तराचा मुलगा होऊन तू पुष्कळ सोसले आहेस, माफ कर. पण तू झोंब्याला गेल्यापासून मी त्या भागाविषयी मिळेल ते वाचतो आहे आणि एक गोष्ट मनातून जात नाही. १८६१ साली प्रवासी लिव्हिंग्स्टन आणि अँग्लिकन बिशप मॅकेन्झी यांनी तुझ्याच त्या डोंगराळ मुलखात गुलामांचा एक तांडा सोडवला. त्यात चुमा नावाचा एक मुलगा होता. तो पुढे १८६४ साली लिव्हिंग्स्टनबरोबर आपल्या मुंबईला आला, इथल्या मिशनच्या शाळेत शिकला, इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो परत आफ्रिकेत गेला. हे वाचून मला फार बरे वाटले, तुझ्या मुलखातून आपल्याकडे कुणी तरी आधीच येऊन गेले होते म्हणून. पण त्याच पुस्तकात पुढे आहे की मॅकेन्झींची होडी नदीत उलटली, औषधांची पेटी वाहून गेली, आणि ३१ जानेवारी १८६२ रोजी ते तापाने गेले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण कुणाचे तरी मुलगे होतेच. त्यांच्याकडे औषध उरले नव्हते. तुझ्याकडे ते होते.

त्याच १८६२ साली रोममध्ये आपल्या गोन्सालो गार्सियांना संत घोषित करण्यात आले. वसईत जन्मलेला मुलगा, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला. वसईहून परदेशी मिशनवर गेलेल्यांची गोष्ट निघाली की मी मोठ्या ऐटीने त्यांच्यापासून सुरुवात करतो आणि, तुला सांगायला हरकत नाही, हल्ली तुझ्यापर्यंत आणून सोडतो. त्यांचा सण जवळ आला आहे. बैठकीत त्यांची तसबीर तुझ्या दीक्षेच्या फोटोशेजारी होती, ती आईने फोनच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराजवळ नेऊन लावली. कारण सांगितले की तिथे उजेड बरा पडतो. मी काही बोललो नाही.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. तुमच्या वरिष्ठांना मी पत्र लिहिले आहे. वाडीतल्या नारळांचे आलेले पैसे मी वेगळे ठेवले आहेत, त्यात धर्मग्रामाचा एक रुपयाही नाही, आणि तुझ्या औषधपाण्यासाठी आणि गाडीसाठी ते पाठवण्याची परवानगी मागितली आहे. तू गरिबीचे व्रत घेतले आहेस, मी घेतलेले नाही. तुला हा हस्तक्षेप वाटेल आणि तो आहेच. पण आईने गेल्या महिन्यात चार किलो वजन घालवले आहे आणि तुझ्याशी फोनवर बोलताना मात्र ती फक्त कोंबड्यांचे सांगते.

तुमच्याकडे नवा मका एप्रिलमध्ये येतो म्हणालास, तोपर्यंत पोती पुरतील का ते कळव. रात्रीचे साडेनऊ आमच्याकडे म्हणजे तुझे सहा, त्या वेळेला फोन कर, आई जागी असते. ताप असला तर आवाजावरून तिला कळतेच, तेव्हा लपवू नकोस.

आणि पुढचा हिशेब पाठवशील तेव्हा त्यात दवाखान्याला जाण्यायेण्याच्या डिझेलची एक ओळ घाल. ती मी स्वतः उभा राहून वाचीन. तिची पावती जोडली नाहीस तरी चालेल.

तुझे,
बाबा