अडीनडीला आमचे कोण?

टिपरेरी, आयर्लंड

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "तिथे अडीनडीला तुमचे कोण?" मी "आहेत की शेजारी" एवढेच म्हणालो, पण ते उत्तर अपुरे होते हे मनाला लागून राहिले, म्हणून हे पत्र.

आमच्या गावात एक चर्च, एक शाळा, दोन दुकाने आणि चहूकडे गायींची कुरणे आहेत, आणि गावाचा जीव आहे तो क्लबच्या मैदानात. हर्लिंग, म्हणजे काठीने चेंडू मारायचा खेळ, आणि गेलिक फुटबॉल हे इथले खेळ सांभाळणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ साली याच परगण्यातल्या थर्लस गावी स्थापन झाली. या खेळांत खेळाडूला मानधन नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळलेला गडीसुद्धा पुढे आपल्या शाळेत शिकवायला नाहीतर गोठ्यात धारा काढायला परततो, आणि क्लबसाठी खेळताना आपल्याच गावाचा सदरा घालतो. मैदानाचे गवत कापण्यापासून मुलांना सामन्यांना नेण्या-आणण्यापर्यंत सारे गावकरीच करतात. आपल्याकडे शेतात सावड करतात ना, तसेच. आयरिश भाषेत तिला 'मेहल' म्हणतात.

तुमची नात आता तिथे कमोगी, म्हणजे मुलींचे हर्लिंग, खेळते. तिची काठी ॲश झाडाच्या बुंध्याच्या तळातून, जिथे खोड मुळांकडे वळते तिथून काढलेली आहे. लाकडाच्या रेषा काठीच्या वाकाबरोबर वळलेल्या दिसतात, म्हणूनच ती फटका सोसते. बुरशीच्या रोगाने इथली ॲशची झाडे वाळत चालली आहेत, याचे मला फार वाईट वाटते. आई, चेंडू कातडी आणि टणक असला तरी शिरस्त्राण सक्तीचे आहे, तेव्हा काळजी करू नकोस. लहान मुलांच्या सामन्यांत प्रत्येकीला खेळायला मिळालेच पाहिजे असा दंडक असल्याने तिला कधी बाकावर बसून राहावे लागत नाही.

तुमची सून रुग्णालयात होती त्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी दाराशी गरम जेवणाचे भांडे असे. कोणी आणले ते आम्हाला मागाहून कळले; सगळी क्लबमधली घरे.

गेल्या महिन्यात मैदानावर रेषा आखणारे वृद्ध गृहस्थ वारले. अंत्ययात्रेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी लहानथोर सारे क्लबचे सदरे घालून भर पावसात उभे होते, आणि त्या रांगेत आपली पोर कोटावर सदरा चढवून, काठी हातात घेऊन, अगदी ताठ उभी होती. नंतर चहाच्या वेळी क्लबच्या सचिव बाईंनी मला कोठीत नेऊन रेषा आखायचे चाकांचे यंत्र दाखवले आणि पुढच्या शनिवारपासून हे काम मी घेईन का, असे विचारले. मी हो म्हटले.

बाबा, शनिवारी सकाळी फोन कराल तर मी मैदानावर असेन, दुपारी करा.

तुमचा मुलगा