माडी रिकामी करताना

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय भावा,

माडी सोडावी लागणार. फोन केला असता तर तू लगेच "थांब, मी मालकांशी बोलतो" म्हणाला असतास, म्हणून लिहायला बसलोय. आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. वाडा बिल्डरला गेला, कागद झाले, दिवाळीच्या आत सगळ्यांनी बाहेर पडायचं. खालच्या शिंपीमामांनी मशीन जवाहरनगरला हलवलं. काकी धाकट्या मुलाकडं चालल्यात. परवा त्यांनी मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमच्या रंगाचा वास घेत झोपलो बाळा, आता फ्लॅटात झोप लागायची न्हाई." मला काही बोलता आलं नाही. वर आलो आणि बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो.

आपण पहिल्यांदा तो लाकडी जिना चढलो तेव्हा वर ज्वारीची रिकामी पोती, एक मोडका पाळणा आणि कबुतरं होती. भाडं महिना ४०० रुपये. डिपॉझिट नाही, करार नाही. मालकांच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "दारू पिणार न्हाई न्हवं?" तू खिडकी ढकललीस, उत्तरेचा उजेड आत आला आणि तू म्हणालास, "इथं सावली हलायची नाही रे." कॉलेजात सरांनी चार वर्षं सांगितलेलं आपल्याला तेव्हा कळलं.

त्या माडीवर कोण कोण येऊन काम करून गेलं ते काल आठवत होतो. पंधरा-सोळा जण तरी सहज निघाले. फ्लेक्स आला आणि ज्यांचा ब्रश थांबला ते बोर्ड रंगवणारे मामा आठवतात? खडूत बुडवलेली सुतळी ताणून भिंतीवर चौकटी पाडायचे आणि हातभर फोटोवरून पुरुषभर चेहरा उतरवायचे. अक्षर कसं उभं राहतं ते मला त्यांनी शिकवलं. कागलहून एसटीनं येणारी ती पोरगी, जिला घरी कॅनव्हास उभा करायला भिंत नव्हती. राज्य नाट्य स्पर्धेचं नेपथ्य रात्री जागून बांधणारी पोरं. यातल्या कुणाकडून आपण कधी भाडं मागितलं नाही, कारण आपल्यालाच ते जड नव्हतं. जागा स्वस्त होती म्हणून आपला हात सैल राहिला.

गेले दोन महिने जागा शोधतोय. महाद्वार रोडच्या मागं एक खोली बघितली, दहा बाय बारा, छताला पंखा आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. भाडं १४ हजार, डिपॉझिट १ लाख, करार अकरा महिन्यांचा. भिंतीला खिळा मारायचा नाही, फरशीला डाग पडला तर डिपॉझिटातून कापणार. मालक वाईट माणूस नाही. त्यानं मला बसवून चहा पाजला आणि सरळ सांगितलं, की हीच खोली भाविकांना एका रात्रीसाठी दिली तर नवरात्रात आठवड्यात एवढे पैसे सुटतात. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी माणसं वाढली, गाड्या वाढल्या, त्यांना झोपायला आणि जेवायला जागा लागते. पेठेतले वाडे एकेक करून यात्री निवास होत आहेत. पागडीवर बसलेली जुनी कुळं उठली की खाली शोरूम आणि वर लॉज. मंदिर परिसराच्या विकास आराखड्याची चर्चा सुरू झाल्यापासून तर ज्याच्याकडं गल्लीत दोन खण आहेत तोही भाव विचारल्यावर आधी हसतो.

स्वस्त जागा गावात अजूनही आहे, पण ती कुठं आहे ते ऐक. जिथं पंचगंगा येते तिथं. दुधाळीकडं एक शेड मिळत होतं, ऐसपैस, पत्र्याचं, भाडं परवडणारं. आत गेलो तर भिंतीवर कमरेच्याही वर मातीची रेघ. २०१९ ची, शेडवाला म्हणाला. मग त्यानंच दुसरी रेघ दाखवली, २०२१ ची. बापट कॅम्पातल्या कुंभारांचं २०१९ ला काय झालं ते तुला माहीत आहे. गणपती तोंडावर आलेले, मूर्ती रंगून तयार, आणि ऑगस्टचं पाणी घरात. माझ्याकडं तीस-चाळीस कॅनव्हास आहेत आणि तुझं प्लास्टर. ते घेऊन पूररेषेच्या आत जायचा मला धीर झाला नाही.

तू म्हणशील, मग पाचगावला जा, कळंब्याला जा, मोकळी हवा, गाडी आहेच. गेलो असतो. पण माझं काम या एक-दोन मैलांत विणलेलं आहे. चौकट करायला सुतार गल्लीच्या तोंडाशी. पत्रा, खिळे, वार्निश लक्ष्मीपुरीत. तुला ब्राँझ ओतायचं होतं तेव्हा आपण सायकलवरून उद्यमनगरात गेलो होतो आणि पंपाचे भाग ओतणाऱ्या कारागिरानं दोन दिवस खपून तुझा हात ओतून दिला होता. आणि माणसं. दूध घालायला आलेला गवळी वर येऊन चित्राकडं बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, "म्हशीचं शिंग असं न्हाई वळत." त्याचं बरोबर असायचं. हायवेच्या कडेच्या शेडमध्ये मला कोण सांगणार?

आता मनात घोळतंय ते लिहितो. या गावात कला दाखवायला जागा आहे. शाहू स्मारकची गॅलरी आहे. देवल क्लब १८८३ पासून गाणं सांभाळतोय. सिनेनट आणि चित्रकार चंद्रकांत मांडऱ्यांनी तर राजारामपुरीतलं स्वतःचं राहतं घर चित्रांसाठी देऊन टाकलं. पण हे सगळं काम पुरं झाल्यानंतरचं आहे. हॉल दिवसाच्या भाड्यानं मिळतो, संध्याकाळी रिकामा करून किल्ली परत द्यायची असते. शाडूचा अर्धा पुतळा कुणी संध्याकाळी उचलून घरी नेतं का? त्याला ओलं फडकं गुंडाळून, वर प्लास्टिक टाकून, दुसऱ्या दिवशी परत पाणी मारावं लागतं, महिना महिना. तैलरंगाचा थर वाळायला आठवडा जातो. अर्धवट काम जिथल्या तिथं ठेवून, दाराला कुलूप लावून घरी जाता यावं, एवढीच आपली गरज आहे, आणि नेमकी तशी जागा पेठेतून चाललीय.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, तू मला चार वेळा फोन केलास. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभा होतो. माझ्या आजूबाजूला म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडत होती. १९१५ ची वास्तू, शाहू महाराजांनी बांधलेली, डोळ्यांसमोर गेली. पुढं सरकारनं पैसे जाहीर केले, काम सुरू झालं, ते झालंच पाहिजे होतं. जयप्रभा स्टुडिओच्या जागेसाठीही २०२२ ला माणसं उपोषणाला बसली होती. हे गाव कलेसाठी रस्त्यावर येतं, याचा मला अभिमान आहे. पण माडी गेली की कुणाला दिसत नाही. तिच्यावर नाव नसतं, कोनशिला नसते. खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, त्याच्यासमोरून मी रोज जातो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. विचार कर, एक पडदा अंथरायला केवढी जागा लागत असेल. रंग करायला, लाकूड कापायला, लोखंड कानसायला एकाच छताखाली मुभा होती म्हणून ही माणसं पडद्यावरून कॅमेऱ्यावर गेली. आनंदराव १९१६ ला वारले, तरी बाबूरावांनी दोघांनी घडवायला घेतलेला सिनेमाचा कॅमेरा पुरा केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दहा बाय बाराच्या खोलीत, खिळा मारायला बंदी असताना, हे झालं नसतं. प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९२९ ला इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. तूही गेलास. तुला दोष देत नाही, तुझं पोट तिथं भरतं. पण जाणाऱ्याची वाट इथं फार जुनी आहे.

नाट्यगृह आणि खासबाग एकमेकांना खेटून आहेत, हे आपण लहानपणापासून बघतोय. महाराजांनी १९०२ च्या युरोपवारीत रोमचं कलोसियम बघितलं, १९१२ ला कुस्तीचं मैदान झालं आणि लगेच शेजारी नाटकाचं घर. कुस्तीची तालीम, नाटकाची तालीम, गाण्याची तालीम, शब्दही एकच. फरक एवढाच झाला की पैलवानाची तालीम ही वास्तू झाली. पेठेपेठेत उभी राहिली, तिला स्वतःची जमीन, स्वतःचा हौद, स्वतःचा आखाडा. गरिबाचं पोर आलं तरी माती त्याची. आपली तालीम मात्र नुसता सराव राहिली, कुणाच्या तरी माडीवर, कुणाच्या तरी मेहरबानीवर.

हे डोक्यात शिरल्यावर मी गप्प बसलो नाही. आधी एका कचेरीत गेलो, बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या मागायला. अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढं काही नाही. भाडं बाजारभावानं लावावं लागेल एवढं मात्र तोंडी सांगितलं. मग मागच्या मंगळवारी आपल्या तालमीत गेलो. तुझे वडील जोर मारायला जायचे तीच. खालच्या गाळ्यांचं भाडं येतं, त्यावर वीज आणि गणपती भागतो. वरचा हॉल वर्षातले दहा महिने बंद असतो, खुर्च्या आणि कमानीचे बांबू पडलेले. खिडक्या पूर्वेच्या आणि उत्तरेच्या, मी आधी तेच बघून घेतलं.

मी त्यांना काय मागितलं ते सांगतो. सहा जणांना काम करायला जागा, भाडं वीजबिलाएवढं, आणि मुदत निदान पाच वर्षांची, कारण अकरा महिन्यांत माणूस मोठ्या कामाला हात घालत नाही. बदल्यात रविवारी सकाळी पेठेतल्या पोरांना चित्रकला फुकट, आणि गणपतीचा देखावा आमच्याकडं. चोलामंडलचंही सांगितलं. मद्रासच्या चित्रकारांनी १९६६ ला बाटिक करून, विकून स्वतः जमीन घेतली आणि समुद्रकाठी गाव वसवलं, कुणाच्या दयेवर राहिले नाहीत. दिल्लीला ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ १९७६ पासून जुन्या वास्तूत चालतात. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "हॉल लग्नाला दिला तर पैसा येतोय की." खरं बोलला तो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले वस्ताद पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "आखाड्यात आता सकाळी सात पोरं येत्यात. आम्ही तालीम बांधली तवा लग्नाचा विचार केला न्हवता."

मग बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सहा महिने द्यायचं ठरलं, पाच वर्षांचं पुढच्या सभेत बघू म्हणाले. कागद नाही, शब्द आहे. मला कागद हवाय आणि तो मिळेपर्यंत मी त्यांच्या मागं लागणार आहे, कारण शब्द देणारी माणसं बदलतात, हे आपल्या वाड्याच्या मालकांच्या पिढीत आपण बघितलं. पण उद्या हॉल झाडायला जायचंय. कागलची ती पोरगी येणार आहे, आता दोन लेकरांची आई झालीय, तिनंच पहिलं नाव दिलं.

सहातली एक जागा मी तुझ्यासाठी धरलीय. लगेच नाही म्हणू नकोस. महिन्यातून दोन शनिवार-रविवार आलास तरी चालेल, शाडू मी भिजवत जाईन. तुझा तो लोखंडी सांगाडा अजून माडीच्या कोपऱ्यात उभा आहे, वडिलांच्या पुतळ्यासाठी वळवलेला, डावा खांदा जरा उतरता. भंगारवाल्यानं दोनदा विचारलं, मी दिला नाही. टेम्पो पुढच्या रविवारी सकाळी सातला सांगितलाय. सांगाडा जिन्यातून उतरवायला दोघं लागतात आणि तो कुठनं धरायचा ते तुलाच माहीत आहे. शनिवारी रात्रीची गाडी पकड. आईनं पांढऱ्या रश्श्याचं विचारलंय, किती जणांचा करू म्हणून.

तुझा,
माडीवरचा