रविवारी फोन का उचलला नाही

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, रविवारी तुझा फोन तीनदा आला आणि मी उचलला नाही. तू रात्रभर जागी होतीस असं ताईने कळवलं. तब्येत ठणठणीत आहे. मी शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये होतो. फोटोत दिसलं ते रिव्हॉल्व्हर त्यांचं आहे. माझ्यासारख्या व्हिसावर सहसा शस्त्र बाळगता येत नाही, आणि मला ते नकोही आहे. मी फक्त मापं घेतो आणि वही लिहितो.

इथे बरेच लोक काडतुसं घरी भरतात. खरं वाटणार नाही, मलाही वाटलं नव्हतं. झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायचा, बंदुकीची दारू मोजून घालायची आणि वर साच्यात ओतलेली शिशाची गोळी. आजोबांची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे सव्वादहा ग्रॅमची. खरं काम आहे ते दारूचं माप ठरवण्याचं. त्यांचं काडतूस .३८ स्पेशल जातीचं. त्याची पुंगळी जुन्या काळ्या दारूच्या काळातली, त्या दारूला जागा जास्त लागायची, म्हणून लांब. आजची दारू तिच्या तळाशीच राहते. चुकून दोनदा भरली तरी वरून कळत नाही, आणि तसं काडतूस झाडलं तर रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. म्हणून त्यांनी फुगीर दारू निवडली. तिचं एक माप अर्ध्याच्या वर येतं, दुसरं घातलं तर उतू जातं. तरीही पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून ते प्रत्येकीत टॉर्च मारून बघतात.

त्या वेळी तुझा फोन वाजला. मी दचकून उठलो, मोजणी चुकली. आजोबा काही बोलले नाहीत. पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांतली दारू त्यांनी डब्यात परत ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर मी फोन बंदच करून ठेवला. आई, एवढ्यासाठी.

बाबा, हे तुम्हाला आवडेल. मला वाटायचं, नळीत शिसं चिकटतं म्हणजे गोळी मऊ पडली, कडक मिश्रण घ्यावं. तसं नाही. गोळी जरा बारीक असली की गरम वायू बाजूने निसटतो, तिची कड वितळवतो आणि नळीच्या आतले आटे शिशाने भरतात. हलक्या मापाला मऊ गोळीच बरी, तिचा तळ दाबाने फुगून नळी बंद करतो. सिलिंडरची सहाही तोंडं मोजली, गोळी ०.३५८ इंच ठेवली. मायक्रोमीटरचं रॅचेट तीनदा कट्कट वाजलं आणि वर्कशॉपमधून आल्यावर तुम्ही माझ्या पेन्सिलीची जाडी मोजायला लावायचात ते आठवलं. पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करून आजोबांनी चार मापं कागदावर झाडून पाहिली. दुसरं ठरलं. जोर कमी, पण भोकं सगळ्यांत जवळजवळ आणि नळी स्वच्छ.

शिशाच्या विषाची काळजी करू नका. ओततात तेव्हा गॅरेजचं दार उघडं आणि पंखा चालू असतो. मी तिथे पाणीसुद्धा पीत नाही, साबणाने हात धुतो, घरी आलो की कपडे वेगळे टाकतो. आजोबा एकटे आहेत. त्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून मी जातो. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो, हे तिथे बसलो की जास्त टोचतं.

हप्त्याचे पैसे १ तारखेला पाठवले आहेत. ताईच्या लग्नाच्या हॉलची अनामत वेगळी पाठवतो, बाबा, एफडी मोडू नका. रजा बाराच दिवसांची मिळाली, साखरपुड्याला नाही पण लग्नाला नक्की. आई, तू पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते. पण तिच्याशी आधी मला बोलू दे, तिच्या घरी शब्द देऊ नकोस. चिडू नकोस.

बाबा, तुमचा मायक्रोमीटर कपाटात असेल तर तेल लावून ठेवा. येताना मी घेऊन जाईन, द्याल ना?

रविवारी सकाळी मीच फोन करतो, गॅरेजमध्ये जायच्या आधी.

तुमचा,
बाळू