श्वास रोखून धरा

प्रिय ढापण्या,

आठ महिने झाले. फोन नाही, मेसेज नाही, तुझ्या वाढदिवसाला पण फुलांचा इमोजी टाकून मोकळा झालो. शिव्या दे, हरकत नाही, पण पत्र पूर्ण वाचून मग दे. माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. बास.

ताईचं सांगायचंय.

पोटात दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे आहेत का बघायला. खडे निघाले नाहीत पण लिव्हरवर एक डाग दिसला, दोन सेंटिमीटरचा. डॉक्टर म्हणाले बहुतेक हिमँजिओमा असेल, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, बऱ्याच लोकांना असतो, कुणाचं काही बिघडवत नाही, तरी एमआरआय करून घेऊ. आता तुला ताई माहितीये. त्या सगळ्या वाक्यातला फक्त ‘बहुतेक’ तेवढा उचलून ती घरी आली. गुरुवारी सकाळी सातला नंबर आहे. मी रविवारपासून तिच्याकडेच मुक्कामाला.

आणि इथे आल्या आल्या मी काय केलं असेल सांग? बरोब्बर. ‘काही नसतं गं.’ दिवसातून वीसदा. ती म्हणाली झोप लागत नाही, मी म्हटलं काही नसतं गं. ती म्हणाली त्या नळीत माझा जीव गुदमरेल, मी म्हटलं छे, काही नसतं गं, माझ्या ऑफिसातला एक जण तर आत जाऊन घोरत होता. (खोटं. कुणी घोरत नव्हतं. ऐनवेळी सुचलं.)

मग परवा रात्री तो प्रकार झाला. ताईच्या टॅबवर माझंच अकाउंट आहे हे मी साफ विसरलो होतो. मी दोन वाजता अंथरुणात पडून मोबाईलवर जे जे शोधत होतो, लिव्हरची गाठ, लिव्हर कॅन्सर, किती वर्षं, कुठली स्टेज, ते सगळं तिकडे तिच्या टॅबवर ओळीने दिसत होतं. ती पण जागीच होती रे. उठून माझ्या खोलीच्या दारात आली, लाइटसुद्धा लावला नाही, आणि म्हणाली, “तू मला धीर देत नाहीयेस. तू मला गप्प करतोयस. तुला ऐकायचंच नाहीये.”

ढापण्या, शब्द न् शब्द तुझे. ‘तुला ऐकायचंच नाहीये.’ तिला ते कुठून माहीत असणार, तू तर फोनवर बोलला होतास मला, मानेतल्या गाठीची सुई टोचून घ्यायच्या आदल्या दिवशी. आणि मी तेव्हा काय समजलो, तर घाबरलाय, म्हणून चिडतोय. तुझा रिपोर्ट चांगला आला तेव्हा वर आणि फोन करून म्हणालो, “बघ! म्हटलं होतं ना!” त्यानंतर तू चार महिने माझा फोन घेतला नाहीस आणि मी जगभर सांगत फिरलो की ह्या माणसाला आनंदाच्या बातमीचा पण राग येतो. आता कळतंय. मला काय घंटा माहीत होतं तेव्हा? तुझ्या गाठीबद्दल मी तुझ्याइतकाच अडाणी होतो, फक्त ते दहा दिवस तू एकट्याने काढलेस आणि मी, नुसता अंदाज बरोबर आला म्हणून, मॅच जिंकल्यासारखं क्रेडिट घेतलं. चुकलो. एवढं तोंडावर मला म्हणता आलं नसतं, म्हणून पत्र.

तू अजून एक म्हणाला होतास तेव्हा. ‘कॅन्सर आहे असं एकदाचं सांगून टाकलं तरी बरं वाटेल.’ मी तुला वेडा म्हणालो. तर त्या दोन वाजताच्या उद्योगात कामाची एवढी एकच गोष्ट हाती लागली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला 2016 चा एक प्रयोग. 45 जणांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, ह्याच्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला शॉक. मधेमधे घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजायच्या. तर शॉक बसणारच आहे हे नक्की माहीत असताना लोकांना जेवढं टेन्शन, त्याहून जास्त बसेल-न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना. म्हणजे तू वेडा नव्हतास. (ह्या बाबतीत. बाकी माझं मत कायम आहे.)

तर ताई दारात उभी, मी अंथरुणात चोर. काय बोलायचं सुचेना म्हणून खरं बोललो. म्हटलं मला पण भीती वाटतेय. तर ती चक्क येऊन बसली आणि दोन तास बोलली. आणि मजा म्हणजे मी समजत होतो तिला कॅन्सरची भीती आहे, ती तर यादीत चौथी निघाली! पहिली भीती, आत अडकले आणि हाक कुणाला ऐकू गेली नाही तर. दुसरी, किरणं. तिसरी अंगठी, त्याचं पुढे सांगतो. मी दोन दिवस भलत्याच भीतीची समजूत काढत बसलो होतो. विचारलंच नव्हतं ना.

किरणांचं एका मिनिटात मिटलं, एमआरआयमधे एक्स-रेसारखी किरणं नसतातच, चुंबक आणि रेडिओलहरी. आवाज कसला तर आत कॉइल असतात, त्यांच्यातला करंट भराभर बदलतो, त्या थरथरतात, तोच तो ठकठकाट. कानात बोळे देतात. हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की बाहेरच्या माणसाला कळतं आणि तो थांबवतो. ते ऐकल्यावर ताई म्हणाली, “आपण प्रॅक्टिस करू.”

केली. मंगळवारी दुपारी. ती पलंगावर उताणी, डोळ्यांवर रुमाल, मी मोबाईलवर एमआरआयचा आवाज लावला (असतो, सापडतो) आणि हातात स्टॉपवॉच. लिव्हरच्या एमआरआयला श्वास रोखायला लावतात, पंधरा-वीस सेकंद, पुन्हा पुन्हा, कारण श्वासाबरोबर लिव्हर वरखाली होतं आणि फोटो हलतो. शिरेतून औषध सोडून मग ओळीने फोटो काढतात, ते डागात कसं भरत जातं ते बघायला. हिमँजिओमा असला तर बहुतेकदा कडेकडेने आत भरत येतो. म्हणून मी जाड आवाज काढून म्हणतोय, “श्वास घ्या… सोडा… रोखून धरा.” आणि रबरी फुगा म्हणून तिच्या हातात काय दिलं माहितीये? तुझ्या सायकलचा भोंपू. हो. माळ्यावर होता. हो, मीच घेतला होता, सातवीत. तू जन्मभर माझ्यावर आळ घेतलास तो खरा होता, आता पुन्हा काढू नकोस. तर अकराव्या सेकंदाला ताईने भोंपू दाबला, पॉंऽऽक, आणि आम्ही दोघं इतके हसलो की तिचा रुमाल पडला. आणि हसता हसता ती रडायला लागली, मी ‘काही नसतं’ एवढं तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि नुसता बसून राहिलो. महाकठीण काम आहे रे नुसतं बसणं. मोबाईलमधलं मशीन आपलं ठकठक चालूच. संध्याकाळपर्यंत ती अठरा सेकंदांवर गेली.

अंगठी भाऊजींची. ते गेल्यापासून काय, त्याआधीपासूनच ती बोटात रुतलीये, पेरावरून सरकत नाही, आणि तिथे अंगावर धातूचं काही ठेवू देत नाहीत. साबण झाला, तेल झालं. काल मी बोटाला दोरा गुंडाळून दुसऱ्या टोकाने उलगडत आणायची युक्ती केली, अर्ध्यापर्यंत आली आणि ताईने हात मागे घेतला. दुखत नव्हतं. मी काही बोललो नाही. उद्या पुन्हा बघू, नाहीतर तिथल्या माणसांना विचारू.

रिपोर्टचं आम्ही ठरवलंय की मोबाईलवर आला तरी उघडायचा नाही, सरळ डॉक्टरांसमोर. प्रश्न कागदावर लिहिलेत, तिच्या अक्षरात, कारण माझं तिला वाचता येत नाही. बरोबर मी जाणार, पण तिथे बोलणार ती. ही तिची अट.

तुझं काय? मुलीचं त्या नव्या गावी बस्तान बसलं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, त्यांना नमस्कार सांग. लंबू भेटला होता, तोच तो बडबड्या. घराचा व्यवहार झाला का लटकलाय अजून? बाकी सविस्तर नंतर विचारतो, आत्ता डोकं जाग्यावर नाही.

खरं काम आता सांगतो. काल रात्री ताई म्हणाली, “त्याला सुई टोचली होती ना मानेत, त्याला विचारायचंय दुखतं किती.” तिला कुणीतरी सांगून ठेवलंय की एमआरआयमधे पण उलगडा झाला नाही तर सुईने तुकडा काढून तपासतात. मी म्हटलं मी विचारून सांगतो, तर म्हणे नको, तू त्यात साखर घालशील. तर तू तिला फोन कर. जे झालं ते सांग, दुखलं असेल तर दुखलं म्हण. अकरानंतर केलास तरी चालेल, ती जागीच असते. आणि फोन मी उचलला तर आधी मला दोन शिव्या घाल आणि मग तिच्याकडे द्यायला सांग.

तुझा,
भोंपूचोर