मीटरच्या पुढचे पाणी कोणाचे? महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका

महोदय,

स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या मोजक्या महापालिकांत आपली गणना होते. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथील 450 दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येते. तरीही वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथे दूध आणि वर्तमानपत्रापाठोपाठ वीस लिटरच्या जारचा टेम्पो फिरतोच. 1965 साली शेजारच्या ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, बिसलेरी बाटलीत भरली जाऊ लागली तेव्हा पाणी विकत घेणे ही चैन होती. आज तो किराणा मालाच्या यादीतला खर्च झाला आहे, आणि तो करणारी सगळी माणसे केवळ जाहिरातींना भुलली आहेत असे मला वाटत नाही.

लोकांचा विश्वास उडतो तो मीटरच्या पुढे. तिथून पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवर चढते आणि मग स्वयंपाकघरात उतरते. जुन्या इमारतींत या खालच्या टाकीचे झाकण पुष्कळदा गाड्या उभ्या राहतात त्या फरशीच्याच पातळीवर असते. कडेचे सिमेंट निघालेले आणि पावसाचे पाणी आत झिरपेल एवढी फट राहिलेली. त्यातच पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब उतरून बाजूच्या गटारातले पाणी सांध्यांतून आत ओढले जाऊ शकते, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. टाकी शेवटची कधी धुतली हे अनेक ठिकाणी सोसायटीच्या सचिवांनाही सांगता येत नाही.

उलट, जारवर निदान भरल्याची तारीख, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव असते. काही चुकले तर जाब कोणाला विचारायचा हे ग्राहकाला ठाऊक असते. (यातले काहीही नसलेले थंडगार जारही तेवढ्याच विश्वासाने घरात घेतले जातात, हा भाग वेगळा.) नळाच्या पाण्याबाबत असे उत्तरदायी नाव कोणाचेच नाही. मग ज्याला परवडते तो आरओ यंत्र बसवतो, आणि पावसावर भरणाऱ्या धरणाच्या मुळातच कमी क्षारांच्या पाण्यातले क्षार काढण्यासाठी पिण्यास मिळते त्याहून अधिक पाणी मोरीत सोडतो.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500, क्लोरीन घातलेल्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित (म्हणजे जंतू मारण्यासाठी शिल्लक राहिलेला) क्लोरीन असावा असे सांगते, आणि तो ग्राहकाच्या टोकाला तपासावा असेही सांगते. ही तपासणी अवघड नाही. काचेच्या नळीत पाणी घेऊन ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) या रसायनाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास येणारी पिवळी छटा कोणालाही दिसते. क्लोरीनच्या ज्या वासामुळे आपण नळाचे पाणी नाकारतो तोच बहुधा त्या पाण्याचा पहारेकरी असतो, हे अशी नळी रहिवाशांसमोर धरल्याखेरीज पटणार नाही. वार्षिक अहवालातल्या सरासरी आकड्यांनी तर नाहीच.

म्हणून माझी विनंती आहे की नमुने जलकुंभावर घेऊन न थांबता ते स्वयंपाकघरातल्या नळावर घ्यावेत, आणि त्याच दिवशी तारीख व तपासणाऱ्याच्या सहीसह नोंद इमारतीच्या सूचनाफलकावर लावावी. टाकी वर्षातून दोनदा धुतल्याचा दाखला सोसायट्यांकडून मागावा. तो न देणाऱ्यांची नावे विभाग कार्यालयात लावली तरी पुष्कळ काम होईल. ओडिशातील पुरी शहराने 2021 मध्ये थेट नळाचे पाणी पिण्याची योजना चोवीस तास पुरवठ्यासह राबवली, तेव्हा हे आपल्या शहराच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणू नये. चोवीस तास पुरवठ्याला वेळ लागेल, हे मान्य आहे. सूचनाफलकावरच्या कागदाला मात्र लागू नये; येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका विभागात ही नोंद सुरू व्हावी आणि तो विभाग कोणता हे जाहीर करावे.

कळावे,
वाशी येथील एक करदाती रहिवासी